सेटिंग बिघडलंय की प्रोसेसर?

"दादा, मशीन सारखं क्रॅश होतं, पण क्लॉक जरा उतरवला की छान चालतं. म्हणजे प्रोसेसर चांगला आहे ना?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. (क्लॉक म्हणजे प्रोसेसरचा कामाचा वेग.) मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर दुकानांच्या काउंटरवर ग्राहकाची समजूत अशीच घातली जाते आणि अंधेरी-गोरेगावात रात्रभर रेंडर लावून बसणारी मुलं ती खरी मानतात. नाही, प्रोसेसर चांगला आहे असं यातून ठरत नाही. बऱ्याचदा उलटंच ठरतं.

सेटिंगमुळे येणारी अस्थिरता बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. कुणी ओव्हरक्लॉक केलेलं (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेलं) असतं, कुणी व्होल्टेज कमी केलेलं असतं, कुणी रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवणारं तयार सेटिंग) चालू केलेलं असतं. इंटेलचा आय९-१४९००के हा प्रोसेसर अधिकृतपणे डीडीआर५-५६०० पर्यंतच्या रॅमची हमी देतो. त्यावर ६४०० ची रॅम पळवलीत आणि निळा स्क्रीन आला, तर प्रोसेसरला बोल लावू नका. सगळं मूळ सेटिंगवर आणा. त्रास थांबला तर चिप निर्दोष आहे.

खरी गफलत पुढे होते. मूळ सेटिंगवर त्रास होतो आणि त्याच्याही *खाली* उतरवलं की थांबतो, या दोन्ही गोष्टी लोक एकाच खात्यात टाकतात. 'सेटिंग बदललं, बरं झालं, म्हणजे सेटिंगचाच दोष होता' असा हिशोब केला जातो आणि तो चुकीचा आहे. गुडघा गेलेला माणूस सपाट रस्त्यावर नीट चालतो, त्याला दादरचा पूल चढायला सांगा म्हणजे कळतं.

असं का होतं, ते पाहा. प्रत्येक चिपला ठरावीक वेगाने चालायला किमान काही व्होल्टेज लागतं. वेग वाढला की ही गरजही वाढते. कारखान्यात या किमान गरजेच्या वर थोडी राखीव जागा सोडतात, कारण वापरात चिप हळूहळू झिजते आणि तिची गरज वर सरकते. साधारणपणे ही राखीव जागा मशीनचं आयुष्य संपेपर्यंत पुरते. ती लवकर संपली, तर चिपला मिळणारं व्होल्टेज तेच राहतं आणि मागणी मात्र त्याच्यावर जाते. मग हिशोब चुकायला लागतात. अशा वेळी क्लॉक उतरवला की मागणी पुन्हा खाली येते आणि मशीन शांत होतं. झीज तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते. आणि आय९-१४९००के घेताना तुम्ही ६ गिगाहर्ट्झपर्यंतच्या टर्बोचे, म्हणजे कमाल वेगाचे, पैसे मोजलेले असतात. तो ५.३ वर चालतो, हे समाधान तुम्ही का मानायचं?

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत नेमकं हेच घडलं. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने कोअरमधलं क्लॉक पोचवणारं सर्किट अकाली झिजत होतं. कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये हे कारण जाहीर केलं. त्याआधी ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाणं रोखलं. म्हणून तो आणणारा बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट जरूर करा, पण अपडेट पुढची झीज आवरतो, झालेली झीज भरून काढत नाही. 'अपडेट मारलाय, आता काळजी नाही' हे वाक्य आधीच क्रॅश होणाऱ्या मशीनच्या मालकाला सांगणं मला अक्षम्य वाटतं.

सुरुवातीच्या काही १३व्या पिढीच्या चिप्समध्ये आतल्या जोडण्या गंजण्याचा दोष होता. तो वेगळा प्रकार, उत्पादनातच दुरुस्त झालेला. त्याची इथे सरमिसळ नको. १९९४ च्या पेंटियममधला भागाकाराचा दोषही वेगळाच. तो आराखड्यातला होता, त्यामुळे तो दोष असलेली प्रत्येक चिप त्याच गणिताला दर वेळी तेच चुकीचं उत्तर द्यायची. झिजलेली चिप तेच गणित एकदा बरोबर करते, एकदा चुकवते.

या लहरीपणामुळेच संशय भलतीकडे जातो. लालबागच्या एका एडिटरला गेम उघडताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा संदेश यायचा. दुकानदाराच्या सल्ल्याने त्याने आधी रॅम बदलली, मग चक्क नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. संदेश येतच राहिला. गेमचा डेटा उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. तिथे एखादा बिट चुकला की गेम गोंधळतो आणि दोष कार्डावर ढकलतो. मोठी झिप फाइल उघडताना कधी एरर येणं, कधी न येणं, ग्राफिक्स ड्रायव्हर इन्स्टॉल होताना मध्येच अडकणं, ही त्याच घरातली लक्षणं. त्या मुलाचे कार्डावर गेलेले पैसे आठवले की मला आजही वाईट वाटतं.

तपासताना आणखी एक सापळा आहे. मदरबोर्डाचं 'डिफॉल्ट' हे इंटेलचं डिफॉल्ट असेलच असं नाही. आय९-१४९००केची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट असताना कित्येक बोर्ड मर्यादाच काढून टाकत होते. म्हणून बायोस ताजा करा, त्यातलं इंटेल डिफॉल्ट प्रोफाइल निवडा आणि एक्सएमपी बंद ठेवा. रात्रभर मेमटेस्ट८६ लावून रॅमची शंका मिटवा. जमलं तर मित्राचा पॉवर सप्लाय लावून बघा. मे महिन्यातल्या उकाड्यावर खापर फोडू नका. तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो, उगाच क्रॅश होत नाही. एवढं करूनही मशीन पडत असेल आणि सहा महिन्यांपूर्वी याच सेटिंगवर ते नीट चालत असेल, तर चिप गेलेली आहे असंच मी धरतो.

मग वॉरंटी मागा. या दोषासाठी इंटेलने बॉक्समधल्या बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांपर्यंत नेली आहे. ट्रेमधली सुटी चिप घेतली असेल तर ज्याने विकली त्याच्याकडे जा, बिल घेऊन. आणि पूर्ण मशीन दुकानात देणार असाल तर त्याआधी क्लॉक मूळ जागी आणून ठेवा. उतरवलेल्या क्लॉकवर ते तिथल्या टेबलावर दिवसभर नीट चालेल आणि 'काही दोष आढळला नाही' असं लिहून परत येईल.