मरणोत्तर बारसं झालेलं साम्राज्य

ऑक्सफर्ड विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक बायझंटाइन सोसायटी आहे. बायझंटाइन म्हणजे रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा, कॉन्स्टँटिनोपलहून (आजचं इस्तंबूल) चालणारा भाग. ग्रीक हस्तलिखितं, जुनी नाणी, चर्चमधली भित्तिचित्रं, सीरियाक ही पश्चिम आशियातली जुनी भाषा असे एकमेकांपासून दूरचे विषय घेतलेले लोक तिथे जमतात आणि दरवर्षी स्वतःच आंतरराष्ट्रीय परिषद भरवतात.

आपलं साम्राज्य ‘बायझंटाइन’ आहे हे त्या साम्राज्यातल्या प्रजेच्या गावीही नव्हतं. ती स्वतःला रोमन म्हणवायची. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३० मध्ये जुन्या बायझँटियन नगरीच्या जागी राजधानी वसवली आणि १४५३ मध्ये ती ऑटोमन तुर्कांनी जिंकली. या अकराशे वर्षांत हा दावा कधी सुटला नाही. अरब-तुर्क या मुलखाला ‘रूम’ म्हणत. अहमदनगरात १५४९ मध्ये मुलूखमैदान तोफ (आता विजापुरात आहे) ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीच्या नावातलं ‘रूमी’ तिथूनच आलेलं.

बारसं झालं ते साम्राज्य बुडाल्यावर शंभर वर्षांनी. ऑग्सबर्गच्या फुग्गर या सावकार घराण्याचा ग्रंथसंग्रह सांभाळलेल्या हिएरोनिमस वोल्फने १५५७ मध्ये त्या साम्राज्यातल्या इतिहासकारांचे ग्रंथ छापताना ‘बायझंटाइन’ शब्द वापरला. पुढे चौदाव्या लुईच्या फ्रान्सने ग्रंथमाला काढून तो रुळवला. मग अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबनने हा सारा काळ ऱ्हासाच्या खात्यात टाकला, आणि इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मनातून ते बरीच वर्षं गेलं नाही. विषयाला स्वतःचं घर मिळालं म्युनिकमध्ये: जर्मन अभ्यासक कार्ल क्रुम्बाखरने १८९२ मध्ये खास त्यासाठी नियतकालिक सुरू केलं.

ऑक्सफर्डमध्ये ग्रीक बोलींचे अभ्यासक आर. एम. डॉकिन्स १९२० मध्ये पहिले प्राध्यापक झाले, पण ते पद बायझंटाइन आणि आधुनिक ग्रीक भाषा-साहित्याचं. सम्राट जस्टिनियनचा कायदा, ५३७ मध्ये पुरं झालेलं हागिया सोफिया हे चर्च, आर्मेनियन आणि कॉप्टिक (इजिप्तमधल्या ख्रिश्चनांची जुनी भाषा) कागदपत्रं हे एकट्या ग्रीकच्या जोरावर कसं पेलणार? बर्मिंगहॅममध्ये अँथनी ब्रायर यांनी १९६७ पासून वसंत परिसंवाद भरवून असे वेगवेगळे विषय अभ्यासणाऱ्या मंडळींना एकत्र बसवलं. ऑक्सफर्डमध्ये आता या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे, तरी शिकणारे इतिहास, अभिजात भाषा, धर्मशास्त्र, पुरातत्त्व अशा विभागांत विखुरलेलेच. खरं तर सोसायटीची गरज तिथेच आहे.

अलीकडे ‘बायझंटाइन’ टाकून ‘पूर्व रोमन’ म्हणा, असा आग्रह काही अभ्यासक धरतात. सोसायटीच्या पाटीवर अजून वोल्फचाच शब्द आहे.