फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायच्या आधी हे वाचा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आमच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात फोन सुरू होतात, पाणी दुधासारखं झालंय, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत, तुमचे मासेच आजारी होते. आम्ही एकच विचारतो, टाकी कधी धुतली? घर साफ करायला काढलं तेव्हा टाकीपण काढली, सगळं पाणी ओतलं, वाळू धुतली आणि स्पंज नळाखाली चोळून पिळला. एकांनी तर तो स्पंज कौतुकाने आणून दाखवला, पाकिटातून आत्ताच काढल्यासारखा निळा!

अहो, स्पंजावरचा तो तपकिरी चिखल म्हणजे नुसती घाण नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, त्या चिखलातले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट झाडं खातात. गोव्यात नळाचं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं असो की अस्नोड्याच्या, क्लोरीन असतंच आणि ते या बॅक्टेरियांना मारतं. मग ते बॅक्टेरिया परत वाढून टाकी बसायला 4 ते 6 आठवडे, तोवर मासे तुमच्या नशिबावर. विहिरीचं पाणी असेल तरी सगळं एकदम बदलू नका.

आठवड्याला पाव टाकी पाणी काढा, त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा दाबा, बस्स. नवीन नळाचं पाणी ओतताना अँटी-क्लोरीनचे थेंब घाला, छोटी बाटली आमच्याकडे असते.

शेवाळ आलं तर आधी दिवा बघा. 6 ते 8 तास पुरे, पाहुणे येणार म्हणून रात्री 11 पर्यंत चालू ठेवला की शेवाळच पोसता. टायमर लावा.

आता आमच्यावरचा आरोप, सडकी झाडं विकता. क्रिप्टोकोरीन नवीन टाकीत गेलं की पानं वितळतात, नर्सरीत ते बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेलं असतं, त्यामुळे जुनी पानं टिकत नाहीत. मुळं घट्ट असतील तर उपटू नका, काही आठवड्यांत नवी पानं येतात. अनुबियासचं खोड मात्र वाळूत पुरू नका, कुजतं, लाकडाला दोऱ्याने बांधा. पुरून कुजवलेलं बदलून देत नाही.

पावसात लाईट तासन्‌तास गेली तर बॅटरीवरचा एअर पंप कामाला येतो, दुकानात आहे.

तरी काही अडलं तर टाकीचं पाणी बाटलीत घेऊन या, टेस्ट फुकट करून देतो. बाटली साबणाने धुतलेली नको.