मंदीत भरती पूर्ण बंद असते का?

‘मंदी आहे, कुणीच माणसं घेत नाही, अर्ज करून उपयोग नाही.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. चार नकार पचवलेल्या माणसाला तो पटतो, यात नवल नाही. पण तो खरा नाही.

बातमीत येतो तो बहुतेक वेळा निव्वळ आकडा, म्हणजे गेलेल्यांतून नवे आलेले वजा करून उरलेला. समजा, एका कंपनीत शंभर माणसं होती. वर्षभरात बारा गेली, सात नवी आली. बाहेर कळतं ते ‘पाच नोकऱ्या गेल्या’ एवढंच. ती सात माणसं कुणाला दिसतच नाहीत. मंदीतही लोक निवृत्त होतात, गाव बदलतात, बाळंतपणाच्या रजेवर जातात, आणि त्यांचं काम कुणीतरी करावंच लागतं. 2009 मध्ये अमेरिकेत बेरोजगारी 10 टक्क्यांवर गेली होती, तरी तिथे दर महिन्याला 35 लाखांहून जास्त लोक कामावर रुजू होत होते.

जागा कमी होतात, स्पर्धा वाढते, वेळ जास्त लागतो, हे मात्र खरंच आहे. म्हणून उत्तर आलं नाही की लगेच स्वतःला दोष देऊ नका.

पडताळणी घरबसल्या होते. आपल्या क्षेत्रातल्या दहा कंपन्या निवडा. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरचं भरतीचं पान दर सोमवारी उघडा आणि नव्या जागा तारखेसकट वहीत लिहा. जुनीच जाहिरात पुन्हा दिसली तर मोजू नका. महिनाभराने वहीत काय उतरलंय ते बघा आणि मगच तो मेसेज पुढे पाठवायचा का, ते ठरवा.