औषध न मानवणे आणि औषध जास्त होणे

शस्त्रक्रियेनंतर रिकव्हरी रूममध्ये शेजारी शेजारी दोन रुग्ण आहेत आणि दोघांनाही मॉर्फिन दिले आहे, असे समजा. बाई निश्चल पडून असेपर्यंत ठीक असतात, पण कूस बदलली की पोटात ढवळते आणि उलटी होते. पलीकडचे गृहस्थ घोरत आहेत आणि नातेवाइकांना वाटते, बरे झाले, छान झोप लागली. बाईंच्या केसपेपरवर ‘मॉर्फिनची ॲलर्जी’ अशी नोंद होते, गृहस्थांच्या केसपेपरवर काहीच लिहिले जात नाही. आणि माझ्या मते दोन्ही ठिकाणी चूक झालेली असते.

बाईंना औषध मानवलेले नाही, एवढेच खरे. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारी वेदनाशामके मेंदूतील उलटीचे केंद्र चेतवतात, जठर रिकामे होण्याची गती मंदावतात आणि आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा हळवी करतात. म्हणूनच हालचाल झाली की मळमळ उसळते. हा त्रास स्त्रियांना पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतो. भूलतज्ज्ञ क्रिस्टियान आपफेल व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-उलट्यांचा अंदाज बांधण्यासाठी चारच गोष्टी मोजल्या: रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी अशा उलट्या झालेल्या असणे किंवा प्रवासात मळमळणे, आणि नंतर ओपिऑइड दिले जाणे. यांपैकी एकही नसेल तर शक्यता सुमारे १० टक्के, चारही असतील तर सुमारे ८० टक्के. ‘वजन कमी, म्हणून औषध चढले’ असे घरोघरी म्हटले जाते, पण या यादीत वजन नाही. घाटातल्या एस.टी.त ज्यांना मळमळते, त्यांनी ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. उलटी थांबवणारे औषध आधीच देता येते. ॲलर्जीची नोंद झाली, तर मात्र पुढच्या वेळी चांगले वेदनाशामक विनाकारण नाकारले जाण्याची भीती असते.

गृहस्थांचे प्रकरण औषध जास्त होण्याकडे झुकणारे आहे. इथे श्वास मंदावतो आणि घसा सैल पडून हवेची वाट अरुंद होते, म्हणून घोरणे. त्यात ना उलटी असते, ना तक्रार. या बाबतीत स्त्री-पुरुषांचा हिशेब सरळ नाही. नेदरलँड्समधील लायडन येथे निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वास वाढवण्याची शरीराची क्षमता मॉर्फिनमुळे स्त्रियांमध्ये अधिक बोथट झालेली दिसली. याउलट, सर्वसाधारण वॉर्डात ओपिऑइड घेणाऱ्या रुग्णांवर सतत पाळत ठेवून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉडिजी’ अभ्यासात श्वास मंदावण्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये पुरुष असणे, वय साठ किंवा त्याहून अधिक असणे आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांचा समावेश झाला. मला हे परस्परविरोधी वाटत नाही. प्रयोगशाळेत निरोगी माणसे होती. वॉर्डात आजारी माणसे येतात, आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार पुरुषांत अधिक आढळतो. तेव्हा घोरणाऱ्या रुग्णाला हाक मारून पाहावी, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत, आणि तो पटकन जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ वाटत असतील तर लगेच परिचारिकेला बोलवावे.

काही आठवड्यांनंतरचे चित्र आणखी वेगळे असते. मळमळ बहुतेकांची सवयीने ओसरते, बद्धकोष्ठता मात्र दोघांचीही टिकते. दीर्घकाळ औषध चालू राहिले तर पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते आणि स्त्रियांची पाळी अनियमित होते.

बाळंतिणीच्या बाबतीत तर औषध मानवणे आणि जास्त होणे या दोन्ही गोष्टी एकाच घरात, पण वेगवेगळ्या शरीरांत घडू शकतात. काही जणींचे यकृत कोडीन या ओपिऑइडचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर करते; आईला औषध मानवलेले दिसते, आणि दुधातून गेलेले मॉर्फिन बाळाला जास्त होते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनपान करणाऱ्या मातांनी कोडीन व ट्रामाडॉल घेऊ नये, असा इशारा दिला. बाळ नेहमीपेक्षा सुस्त असेल, दूध ओढत नसेल किंवा श्वास घेताना त्रासलेले दिसत असेल, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.