ड्रॅग कारचं मागचं सस्पेन्शन: कुठलं घ्यायचं आणि कुठलं आत्ता नको

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ड्रॅग रेस (उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत पळायची शर्यत) जवळ आली की आमच्याकडे फोन सुरू होतात, फोर लिंक (मागचा ॲक्सल चार दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन) बसवायला खर्च किती? आधी गाडी कुठली ते सांगा. पोलो, ऑक्टाव्हिया वगैरे पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर मागच्या स्प्रिंगा कडक करा म्हणजे नाक कमी उचलेल, बाकी हे पत्रक तुमच्या कामाचं नाही. पुढचं सगळं पद्मिनी, ॲम्बॅसेडर असल्या गाड्यांसाठी, ज्यांच्या मागे कमानपाट्यांवर अख्खा ॲक्सल आहे.

क्लच सोडला की चाकं पुढे फिरतात आणि ॲक्सलचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) उलटं वळायला बघतं, डिफ्रन्शियलचं तोंड वर येतं, पाटे वाकतात, मग फटकन सरळ होतात, परत वाकतात आणि गाडी मागून उड्या मारते, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस किंवा ॲक्सल शाफ्ट तुटतो तो बहुतेक यातच. त्यामुळे पहिला खर्च इथे करा: ट्रॅक्शन बार (ॲक्सलला असं वळू न देणारे दांडे), नवे बुश, चांगले शॉकअप आणि टायर. ताकद साधारण असेल तर एवढ्यावर भागतं, खरंच.

आता एक हिशोब. गाडी १००० किलो, व्हीलबेस २.५ मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, आणि सुटताना अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा प्रवेग) मिळाला तर १०० किलो पुढून मागे येतात. कुठलंही किट लावा, हा आकडा जवळपास तेवढाच राहतो. फरक पडतो तो टायर किती जोरात आणि किती लवकर दाबला जातो त्यात.

लॅडर बार म्हणजे दोन तिकोनी दांडे, मागे ॲक्सलला घट्ट, पुढे चासीला एकेका बोल्टवर. सोपं आहे, मजबूत आहे, सेटिंग कमी म्हणून चुकाही कमी, पण वळणावर ॲक्सल अडकतो, रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत नकोच.

फोर लिंकमध्ये वरचे दोन, खालचे दोन दांडे आणि ब्रॅकेटला भोकांची रांग. बाजूने बघून वरचा आणि खालचा दांडा मनात पुढे वाढवा, दोन्ही रेषा जिथे भेटतात तो इन्स्टंट सेंटर. तो ॲक्सलच्या जवळ आणि उंच आणला की टायर जमिनीत हाणला जातो, लांब आणि खाली नेला की मागची बाजू बसते आणि मार मऊ होतो. आता धावपट्टीवर परदेशातल्या ड्रॅग स्ट्रिपसारखा चिकट थर बहुतेक वेळा नसतो, अशा थराशिवाय जोरात हाणलेला टायर क्षणभर पकडतो आणि मग सुटतो, म्हणून आम्ही मऊ सेटिंगपासून सुरुवात करतो. भोकं बदलली की पिनियन अँगलही (डिफ्रन्शियलच्या तोंडाचा कोन) परत मोजावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

स्लिक टायर (नक्षी नसलेले रेसचे गुळगुळीत टायर) आणि भरपूर टॉर्क असल्याशिवाय फोर लिंक आम्ही विकत नाही, नाराज झालात तरी चालेल 😄 लॅडर असो की फोर लिंक, ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार (ॲक्सलपासून चासीपर्यंतचा आडवा दांडा) किंवा त्याच कामाचा तिरका दांडा लागतोच, कोटेशन घेताना तो धरलाय का विचारा.

येताना टायरचा साइज, चारही चाकांवरचं वजन (माहीत असेल तर) आणि सुटतानाचा बाजूने काढलेला स्लो मोशन व्हिडिओ आणा, मागचं चाक पूर्ण दिसेल असा.