मूत्र औषध म्हणून: ‘निर्जंतुक’ हा दावा आला कुठून?

स्वमूत्राचा औषध म्हणून पुरस्कार करणाऱ्या आजच्या लिखाणात एक वाक्य हमखास सापडते: ताजे मूत्र निर्जंतुक असते, त्यामुळे ते जखमेवर लावायला, डोळ्यांत घालायला किंवा प्यायला हरकत नाही. २०२५ मध्ये मूत्राने डोळे धुण्याचा एक व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरला, तेव्हा एका डॉक्टरने जाहीरपणे दिलेले उत्तरही याच मुद्द्यावर होते: मूत्र निर्जंतुक नसते, ते डोळ्यांत घालू नका. हा वाद परंपरा विरुद्ध आधुनिक वैद्यक असा रंगवला जातो. वस्तुस्थिती उलटी आहे. ‘निर्जंतुक’ हा दावा परंपरेतून आलेला नाही. तो प्रयोगशाळेतून बाहेर पडला, अर्धवट समजला गेला आणि मग परंपरेच्या नावावर चढला.

जुन्या ग्रंथांचा भर मूत्राच्या शुद्धतेवर नव्हता, ते किती जहाल आहे यावर होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात आठ मूत्रे सांगितली आहेत: मेंढी, शेळी, गाय, म्हैस, हत्ती, उंट, घोडा आणि गाढव. माणसाचे मूत्र या आठांत नाही. मूत्राचे गुण सांगितले आहेत ते उष्ण, तीक्ष्ण, कटू आणि खारट असे, आणि उपयोग मुख्यतः लेप, उटणे, बस्ती, शेक यांसाठी. सुश्रुतसंहितेत मानवी मूत्राचा उल्लेख येतो, पण तो ‘विषापह’ म्हणून, म्हणजे विषावरचा उतारा म्हणून. रोजच्या रोज सकाळी उठून प्यायचे पेय, ही कल्पना या दोन्ही संहितांच्या मांडणीत बसत नाही. गोमूत्राची परंपरा आणि स्वमूत्राची परंपरा यांची आज सरमिसळ केली जाते, तेव्हा एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे. गोमूत्राचा आधार दाखवून स्वमूत्राचे समर्थन करता येत नाही.

लोकव्यवहारातला वापर मात्र साधा होता आणि तो बहुतेक जखमेपुरता होता. ‘कापल्या करंगळीवर मुतणार नाही’ ही म्हण आपण चिक्कू, कोडग्या माणसाबद्दल वापरतो. कापलेल्या बोटावर लघवी करणे ही फुकटात होणारी, कोणीही कोणासाठी करावी अशी मदत मानली जात होती, म्हणून तर ती म्हण अर्थपूर्ण ठरते. शेतात, जंगलात पाणी हाताशी नसताना जखमेतली माती धुवायला दुसरे काय मिळणार? या वापरामागे कुठलेही तत्त्वज्ञान नव्हते, गरज होती. त्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही.

इतरत्रही चित्र फारसे वेगळे नव्हते. पहिल्या शतकातल्या एका रोमन ज्ञानकोशात मूत्राचे बरेच उपयोग नोंदवले आहेत. चीनमध्ये सोळाव्या शतकात सिद्ध झालेल्या प्रसिद्ध औषधीकोशात लहान मुलग्यांचे मूत्र आणि मूत्राचा वाळलेला साका या दोन्हींना औषधांत जागा आहे. जर्मनीत १६९६ मध्ये मलमूत्रावर आधारित घरगुती औषधांचे आख्खे पुस्तक निघाले. बौद्ध भिक्षूंच्या नियमांत ‘पूतिमूत्र’ हे सर्वांत साधे औषध म्हणून येते. ‘पूति’ म्हणजे नासलेले, आंबलेले. मूत्र नासवून मुद्दाम वापरणारी परंपरा त्याला निर्जंतुक समजत असेल, हे संभवत नाही. त्यामागे रसायन आहे: साठवलेल्या मूत्रात जिवाणू वाढतात, ते युरिया फोडतात आणि अमोनिया तयार होतो. रोमन धोबी कपड्यांसाठी साठवलेले मूत्र वापरत, ते याच अमोनियासाठी.

स्वमूत्र पिण्याच्या पंथाला ज्या संस्कृत मजकुराचा आधार दिला जातो तो म्हणजे डामरतंत्र या ग्रंथातला शिवांबुकल्प, १०७ श्लोकांचा. शिवांबू म्हणजे स्वमूत्र. त्यात पहिली आणि शेवटची धार सोडून मधली धार घ्यायला सांगितले आहे. आजच्या प्रयोगशाळाही तपासणीसाठी मधलीच धार मागतात, म्हणून पुरस्कर्ते याला द्रष्टेपणाचा पुरावा मानतात. प्रयोगशाळेचे कारण निराळे आहे. मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि आसपासच्या त्वचेवर जिवाणू असतात, पहिल्या धारेबरोबर ते बरेचसे वाहून जातात. बरेचसे, सगळे नव्हेत. मधली धार घेण्याची सूचनाच मुळी बाहेर पडणारे मूत्र निर्जंतुक नसते हे गृहीत धरून केलेली आहे.

आजची मूत्रचिकित्सा मात्र थेट त्या श्लोकांतून आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. १९४४ मध्ये एका ब्रिटिश निसर्गोपचारकाचे पुस्तक आले, त्याची प्रेरणा बायबलमधले ‘आपल्याच टाक्यातले पाणी पी’ हे वचन. ते पुस्तक भारतात वाचले गेले, त्यानंतर गुजरातीत या विषयावर स्वतंत्र लेखन झाले आणि निसर्गोपचाराच्या वर्तुळात त्याला शिवांबूची जोड मिळाली. १९७७ ते १९७९ या काळातले पंतप्रधान स्वतः स्वमूत्र घेत असत. १९७८ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि जगभर चर्चा झाली. ज्यांना डॉक्टरांची फी परवडत नाही अशा लोकांसाठी हा उपाय आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९९६ मध्ये गोव्यात या चिकित्सेची परिषद भरली, १९९९ मध्ये जर्मनीत. तोवर पुस्तिकांची भाषा बदलली होती. शिव, अमृत, प्राण यांच्या जोडीला युरिया, एन्झाइम, हार्मोन आले, आणि त्याच ओघात ‘निर्जंतुक’ आले.

या शब्दाची मुळे दोन. पहिले एकोणिसाव्या शतकातले. १८६० आणि १८७० च्या दशकांत फ्रान्समधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने आणि ब्रिटनमधल्या एका शल्यविशारदाने तापवून जंतुरहित केलेल्या काचपात्रांत ताजे मूत्र काळजीपूर्वक घेऊन ठेवले. ते नासले नाही. त्यांना सिद्ध करायचे होते ते एवढेच की नासण्याची क्रिया बाहेरून येणाऱ्या जंतूंमुळे होते, आपोआप होत नाही. जंतुसिद्धान्तासाठी हा मोलाचा पुरावा ठरला. पण डोळ्यांना दिसेल असा गढूळपणा आला नाही म्हणजे आत एकही जिवाणू नव्हता, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरे मूळ अधिक महत्त्वाचे, आणि गोंधळही तिथेच झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मूत्राचा खात्रीचा नमुना हवा असेल तर मूत्राशयात नळी घालून तो घेत. नळीबरोबर जंतू आत जात आणि तपासणीनेच रुग्णाला संसर्ग होई. साध्या लघवीचा नमुना घ्यावा तर त्यात त्वचेवरचे जंतू मिसळलेले. मग कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, उगवलेला जिवाणू मूत्रपिंडाच्या आजाराचा की त्वचेवरचा, हे ठरवायचे कसे? बोस्टनमधल्या एका सार्वजनिक रुग्णालयातल्या संशोधकाने १९५६ मध्ये त्याला आकड्याचे उत्तर दिले. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालेल्या बहुतेक रुग्णांच्या मूत्रात दर मिलिलिटरला एक लाख किंवा त्याहून जास्त जिवाणू सापडत. नमुन्यात चुकून मिसळलेल्या जंतूंची संख्या सहसा त्याहून खूप कमी असे. म्हणून एक लाख ही सीमारेषा.

हा निर्णय चांगला होता, हे निःसंदिग्धपणे म्हणायला हवे. त्यामुळे असंख्य रुग्णांची नळीतून सुटका झाली. गरोदरपणात कोणतीही तक्रार नसताना मूत्रात जिवाणू वाढलेले असू शकतात आणि त्यातून पुढे मूत्रपिंडाला संसर्ग होऊ शकतो, हे याच कामामुळे पुढे आले. पण तो आकडा एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर होता: या रुग्णाला गंभीर संसर्ग आहे का? पुढच्या दोन-तीन दशकांत तो प्रश्न गळून पडला आणि आकडा उरला. लाखाच्या वर म्हणजे संसर्ग, लाखाच्या खाली म्हणजे काही नाही. ‘काही नाही’चे ‘निर्जंतुक’ कधी झाले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. पाठ्यपुस्तके तसे लिहू लागली, वैद्यकीय विद्यार्थी तसे शिकले.

तपासणीची रीत पाहिली की हे कसे घडले ते समजते. प्रयोगशाळेतला कर्मचारी तारेच्या बारीक कडीने मूत्राचा एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग उचलतो आणि पोषकद्रव्य थिजवलेल्या प्लेटवर पसरतो. प्लेट साधारण शरीराच्या तापमानाला, साध्या हवेत, एक दिवस ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. एक वसाहत दिसली तर मिलिलिटरमागे एक हजार जिवाणू असे गणित. याचा अर्थ मिलिलिटरमध्ये पाचशे जिवाणू असतील तर ते प्लेटवर उमटण्याची शक्यताच कमी. जे जिवाणू हळू वाढतात, ज्यांना कमी प्राणवायू लागतो, ज्यांना वेगळे खाद्य लागते, तेही दिसणार नाहीत. रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ असे छापून येते. त्याचा खरा अर्थ एवढाच की या रीतीने, या मुदतीत, या मर्यादेच्या वर काही उगवले नाही.

वैद्यकाच्या आतून या आकड्याला पहिला मोठा धक्का १९८२ मध्ये बसला. लघवीला जळजळ होणाऱ्या स्त्रियांचे थेट मूत्राशयातून घेतलेले नमुने तपासल्यावर दिसले की आतड्यातले जिवाणू मूत्राशयात नक्की असलेल्या स्त्रियांपैकी फक्त ५१ टक्के एक लाखाच्या निकषात पकडल्या जात होत्या. उरलेल्या, म्हणजे जवळपास निम्म्या, स्त्रियांना ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगितले जात होते. मूत्रचिकित्सेच्या पुस्तिका हे कुठे सांगत नाहीत, याचा मला राग येतो. कारण ज्या आकड्याने आजारी बायकांची तक्रार खोटी ठरवली, त्याच आकड्याच्या जोरावर दुसऱ्या कोणाला मूत्र प्यायला सांगितले जाते.

दुसरा धक्का निर्णायक होता. २०१२ मध्ये मूत्राशयातल्या नमुन्यांत जिवाणूंचा जनुकीय ठसा सापडला. पण जनुकीय ठसा मेलेल्या जंतूंचाही असू शकतो, असा आक्षेप आला. २०१४ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने रीत बदलली. एकाऐवजी शंभर मायक्रोलिटर मूत्र घेतले, निरनिराळी खाद्यमाध्यमे वापरली, कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत प्लेट दोन दिवस ठेवल्या. नळीने घेतलेल्या ६५ नमुन्यांपैकी ५२ मध्ये जिवंत जिवाणू उगवले. या ५२ पैकी ४८ नमुन्यांना नेहमीच्या तपासणीने ‘नो ग्रोथ’ म्हटले होते. मूत्राशय मुळात निर्जंतुकच मानला जात असल्याने मानवी शरीरातल्या सूक्ष्मजीवांची मोठी मोजदाद २००७ च्या सुमारास सुरू झाली तेव्हा तो तपासायच्या अवयवांच्या यादीत नव्हता.

गैरसमजाची किंमत कधी कधी थेट मोजावी लागली. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात डोळे येण्याची साथ होती. लोक घरगुती उपाय म्हणून डोळ्यांत मूत्र घालत होते. साथीच्या काळात काही रुग्णांच्या डोळ्यांत परमा (गोनोरिया) या लैंगिक रोगाचे जंतू सापडले, आणि तपासात संबंध या उपायाशी जुळला. परम्याचा जंतू बुबुळ भेदू शकतो, दृष्टी जाऊ शकते. उंटाच्या मूत्राबद्दलही २०१५ च्या सुमारास, उंटांकडून माणसांना होऊ शकणाऱ्या मर्स या विषाणुजन्य श्वसनरोगाच्या प्रादुर्भावात, ते पिऊ नये असा आंतरराष्ट्रीय सल्ला दिला गेला.

‘हार्मोन असतात’ हा पुरस्कर्त्यांचा दुसरा युक्तिवाद. ते असतात, खोटे नाही. १९३१ मध्ये जर्मनीत पोलिसांच्या हजारो लिटर मूत्रातून एका पुरुष-हार्मोनचे जेमतेम १५ मिलिग्रॅम मिळवले गेले. १९४० च्या दशकात गाभण घोड्यांच्या मूत्रातले इस्ट्रोजेन गोळ्यांच्या रूपात आले. इटलीत रजोनिवृत्त जोगिणींचे मूत्र गोळा करून वंध्यत्वावरचे इंजेक्शन बनले. मूत्रात सापडणारे, रक्ताची गुठळी विरघळवणारे युरोकायनेज १९७८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पण हजारो लिटर आटवून, गाळून, शुद्ध करून जे मिळते ते पेलाभर मूत्रात औषधी प्रमाणात असते असे मानता येत नाही. टाचेच्या भेगांवरच्या मलमात युरिया १० ते ४० टक्के असू शकतो, मूत्रात तो साधारण दोन टक्के. जेलीफिशच्या दंशावर मूत्र ओतल्याने न फुटलेल्या दंशपेशीही फुटू शकतात. आणि तहानेने जीव जात असताना मूत्र प्यावे, या समजुतीविरुद्ध अमेरिकी लष्कराच्या पुस्तिकेने स्पष्ट लिहिले आहे की त्यात शरीराने टाकलेले घटक आणि सुमारे दोन टक्के क्षार असतात. ते तहान वाढवते.

मूत्राशयातले जिवाणू सरसकट शत्रू नसतात, हेही आता पुढे येत आहे. लॅक्टोबॅसिलससारखे काही कदाचित संरक्षणच करत असावेत. तक्रार नसताना मूत्रात जिवाणू सापडले म्हणून प्रतिजैविके देऊ नयेत, असा सल्ला गेली दोन दशके दिला जातो. त्याला ठळक अपवाद दोन: गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गातून शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण. १९५६ चा एक लाखाचा आकडा गरोदर स्त्रियांच्या तपासणीत आजही वापरला जातो.