मेल अडकला? खातं डिलीट करण्याआधी हे वाचा

(आमच्याकडे संगणक-देखभालीचा करार असलेल्या ग्राहकांसाठी. क्लासिक आउटलुक आणि थंडरबर्ड हे मेल-प्रोग्राम वापरणाऱ्यांना उपयोगी.)

दर महिन्याच्या १० आणि १९ तारखेला आमचा फोन जरा जास्तच वाजतो. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ नाहीतर ३बी हा जीएसटीचा रिटर्न भरायचा असतो, सीएकडे फाइल पाठवायची असते आणि नेमकं तेव्हाच आउटलुक रुसतं. पलीकडचं वाक्यही ठरलेलं: "कालपर्यंत चालू होतं, आम्ही कशालाच हात लावला नाही." हे बहुतेक वेळा खरंच असतं. हात लावलेला असतो तो एररचा मेसेज आल्यानंतर.

एका ग्राहकाकडे असंच झालं. मेल येईना, तेव्हा कुणीतरी सुचवलं की खातं काढून पुन्हा टाका. त्यांनी खातं काढलं, आणि डॉक्युमेंट्समधलं 'आउटलुक फाइल्स' नावाचं फोल्डर जुना कचरा समजून तेही साफ केलं. खातं होतं पॉप पद्धतीचं. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून तुमच्या मशीनवर उतरतो, आणि सेटिंग बदललं नसेल तर आउटलुक सर्व्हरवरची प्रत १४ दिवसांनी काढून टाकतं. त्यामुळे जुन्या ऑर्डरी, कोटेशनं, पार्टीशी झालेला पत्रव्यवहार, सगळं त्या एका फोल्डरातच होतं. मूळ बिघाड काय, तर मोबाइलवरून पासवर्ड बदलला होता!

तेव्हा खातं काढू नका, आउटलुक अनइन्स्टॉल करू नका. फॉरमॅटचा तर विचारही नको.

अडलंय कुठे, ते आधी बघा

मेल जाण्याचा रस्ता वेगळा आणि येण्याचा वेगळा. जाणारा मेल एसएमटीपीने जातो, येणारा आयमॅप (यात मेल सर्व्हरवरच राहतो) नाहीतर पॉपने येतो. चौकातल्या लाल पेटीत पत्र टाकणं आणि पोस्टमनने दारात पत्र आणून देणं यांचा जेवढा संबंध, तेवढाच या दोघांचा. म्हणून मेल येतायत पण जात नाहीत, यात नवल काही नाही.

आउटलुकमध्ये एफ९ दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात 'एरर्स'वर क्लिक केलंत की 'सेंडिंग' अडलंय की 'रिसीव्हिंग' ते दिसेल. सोबत एक लांबलचक आकडा असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आकड्याच्या शेवटी '८००सीसीसी०ई' असेल तर सर्व्हरपर्यंत पोचताच आलेलं नाही. '८००सीसीसी९२' असेल तर पोचलो, पण दारातून परत पाठवलं, म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड पटलेला नाही.

खाली 'वर्किंग ऑफलाइन' लिहिलेलं दिसतंय का तेही पाहा. सेंड/रिसीव्ह टॅबमधलं 'वर्क ऑफलाइन' बटण चुकून दाबलं गेलं की सगळं ठप्प होतं आणि एररही येत नाही. पुन्हा एकदा दाबा, सुटलं. या कामासाठी आम्ही वीस किलोमीटर मोटारसायकल चालवत गेलेलो आहोत.

मग दोन चाचण्या. ब्राउझरमधून त्याच मेलमध्ये लॉगिन करा. तिथेही होत नसेल तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा नाही. तिथे होतंय आणि आउटलुकमध्ये नाही, असं असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पुन्हा एफ९ दाबा. हॉटस्पॉटवर चाललं तर राउटर किंवा ऑफिसच्या नेटवाल्याकडे बघावं लागेल.

पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारतंय

सर्वांत जास्त तक्रारी याच्याच. पासवर्ड बरोबर असतो, ब्राउझरमध्ये चालतो आणि आउटलुक मात्र तीच खिडकी परत परत समोर आणतं. माणूस वैतागून दहा वेळा तोच पासवर्ड टाकतो. टाकू नका, बऱ्याच सर्व्हरवर त्यामुळे खातं काही काळ लॉक होतं.

जीमेलचं कारण असं. मे २०२२ अखेरपासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसता युजरनेम-पासवर्ड घेऊन आत येणाऱ्या प्रोग्रामना दार बंद केलं. आता दोनच मार्ग उरलेत. एक, प्रोग्रामने गूगलची स्वतःची लॉगिन खिडकी उघडायची. आउटलुकच्या नव्या आवृत्त्या आणि थंडरबर्ड हे करतात, थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशन 'ओऑथ२' निवडलेलं हवं. दुसरा मार्ग ॲप पासवर्डचा. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की १६ अक्षरी वेगळा पासवर्ड तयार करता येतो, आणि जे आउटलुक गूगलची खिडकी उघडत नाही त्यात तोच टाकावा लागतो.

आता यातली मेख. गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. घरी मुलाने काळजीपोटी बाबांचा जीमेल पासवर्ड बदलून दिला आणि सोमवारी दुकानातलं आउटलुक बंद, हे आम्ही कितीदा तरी पाहिलंय. नवा ॲप पासवर्ड बनवा, दोन मिनिटांचं काम आहे.

आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या वैयक्तिक खात्यांनाही सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड चालत नाही. तिथे जुनं आउटलुक घेऊन झगडण्यात अर्थ नाही, प्रोग्राम बदला. विकायला म्हणून सांगत नाही, थंडरबर्ड फुकट आहे.

आउटबॉक्समध्ये बसून राहिलेला मेल

निम्म्या वेळा कारण अटॅचमेंट असतं. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण २४ एमबीची फाइल त्यात बसत नाही. मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं आणि तिचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. म्हणून १८ एमबीच्या वर गेलात की ड्राइव्हची लिंक पाठवा. आधार-पॅनचे मोबाइलवर काढलेले आठ फोटो एका मेलमध्ये जोडू नका, पीडीएफ करा.

अडकलेला मेल काढायचा असा: 'वर्क ऑफलाइन' दाबा, आउटलुक बंद करा, मिनिटभर थांबून पुन्हा उघडा. मग आउटबॉक्समधला तो मेल ओढून ड्राफ्ट्समध्ये टाका, अटॅचमेंट हलकी करा, 'वर्क ऑफलाइन' काढा आणि परत पाठवा. एक गंमत लक्षात ठेवा. आउटबॉक्समध्ये रांगेत असलेला मेल तिरप्या अक्षरांत दिसतो. "गेला का नाही" म्हणून तो उघडून बंद केलात की अक्षरं सरळ होतात आणि तो रांगेतून बाहेर पडतो. मग कितीही एफ९ दाबा, जाणार नाही. उघडून पुन्हा सेंड करावं लागतं.

पाठवतानाच एरर

बहुतेक वेळा कारण पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर. जुन्या सेटिंगमध्ये एसएमटीपीचा पोर्ट २५ असतो आणि स्पॅम रोखायला अनेक नेटवाले तो बंद ठेवतात. ५८७ टाकून एन्क्रिप्शनला 'स्टार्टटीएलएस' निवडा, किंवा ४६५ टाकून 'एसएसएल/टीएलएस'. या जोड्यांची अदलाबदल चालत नाही. शेजारच्या 'आउटगोइंग सर्व्हर' टॅबमधली 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' ही खूणही असू द्या. येणाऱ्या मेलसाठी आयमॅपला ९९३, पॉपला ९९५.

सर्टिफिकेटची सूचना आली तर

उजवीकडे खाली तारीख बघा. लाइट गेली, परत आली आणि कॉम्प्युटर काही वर्षं मागे गेला, असं जुन्या मशीनवर होतं. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, संपलेला असतो. तारीख चुकली की सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही असं कॉम्प्युटरला वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. घड्याळवाल्याकडेही मिळतो. तारीख बरोबर असून सूचना येत असेल, तर 'येस' दाबून पुढे जाऊ नका, आम्हाला विचारा.

डेटा फाइल

आउटलुक मेल ज्या फाइलीत साठवतं ती पीएसटी. आउटलुक २०१० पासून पुढे पीएसटी फाइलची नेहमीची मर्यादा ५० जीबी आहे, २००३ आणि २००७ मध्ये २० जीबी. भरली की मेल यायचे थांबतात. ही फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरात किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवून नेटवर्कवरून उघडू नका. अचानक लाइट जाऊन ती बिघडली असेल तर 'स्कॅनपीएसटी' हा आउटलुकसोबतच येणारा प्रोग्राम ती दुरुस्त करतो, पण आधी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढायची, मगच तो चालवायचा. जमत नसेल तर हे काम आमच्यावर सोडा.

गेलेला मेल परत आला

हा तुमच्या आउटलुकचा दोष नव्हे. परत आलेल्या मेलमधला आकडा बघा. ५५० असेल तर पत्ता नीट वाचा, टिंब किंवा 'कॉम'मधलं अक्षर राहिलेलं असतं. ५५२ म्हणजे बहुधा समोरच्याची पेटी भरलेली, नाहीतर मेल फार मोठा. पण ५५० च्या पुढे ५.७.२६ असं दिसलं आणि तुमचा मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर असेल, तर लगेच कळवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम नोंद (मेल खरंच त्याच डोमेनचा आहे याची खात्री देणारी) असावीच लागते. ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या वहीत, आम्ही करून देतो.

एका दिवसात सगळ्या गिऱ्हाइकांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवणाऱ्यांसाठी: जीमेलच्या वैयक्तिक खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे. ओलांडली की २४ तासांपर्यंत पाठवणं बंद. कोटेशनही त्यातच अडकतं.

फोन करताना

कॉम्प्युटरसमोर बसून करा. एररचा फोटो, कोणतं आउटलुक आहे, खातं पॉप की आयमॅप (फाइल, अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याच्या नावासमोर लिहिलेलं असतं) आणि हॉटस्पॉटवर काय झालं, एवढं हाताशी ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात तरी चालेल. पासवर्ड मात्र पाठवू नका, आम्हालाही नको. आमचा माणूस आला की तो तुम्हीच टाइप करा.